माहिती राहते कुठे?

मित्रांनो, एक गंमत करू या. हातातला मोबाइल बाजूला ठेवा आणि चटकन सांगा, तुमच्या आईचा फोन नंबर काय? बाबांचा? आणि आजीचा?

अडलात ना? लाजू नका. तुमच्या आईला विचाराल, तर तिलाही आज फार तर दोन-तीन नंबर पाठ असतील. पण तिच्या लहानपणी शेजाऱ्यांच्या, मामाच्या, बाबांच्या ऑफिसच्या फोनचे नंबर तिला घडाघडा येत होते. स्वयंपाकघराच्या दाराजवळ भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेले नंबर तर घरोघरी असायचे!

म्हणजे बघा हं, नंबर तोच. पण तो कधी भिंतीवर राहतो, कधी डोक्यात, तर कधी मोबाइलमध्ये. माहितीची ही तीन घरं आहेत. एकीकडे दगड-धातू-कागदासारख्या वस्तू, दुसरीकडे आपलं मन आणि तिसरीकडे संगणकाची दुनिया. गंमत अशी, की घर बदललं की माहितीचं वागणंही बदलतं. हे मला कुठल्या पुस्तकानं नाही, तर आमच्या गावच्या घरातल्या एका जुन्या ट्रंकेनं शिकवलं.

ट्रंक उघडली

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही सगळे गावी जमलो होतो. माळा साफ करायला काढला, तेव्हा एक गंजलेली ट्रंक खाली आली. लगेच मुलांचा गराडा पडला! आत तीन वस्तू होत्या. एक पितळी डबा, घड्या घालून पिवळा पडलेला एक कागद आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली एक फ्लॉपी.

फ्लॉपी म्हणजे काय, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतील. संगणकावरची माहिती साठवायची ती चौकोनी, चपटी चकती असे. मोबाइलवर काढलेला एक चांगला फोटोही तिच्यात मावायचा नाही, इतकी तिची जागा कमी.

डब्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं, आजीच्या सासऱ्यांचं. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीनं ते बोटानं चाचपत वाचून दाखवलं. पूर्वी लग्नात भांडी दिली, की कासार किंवा फिरता कारागीर त्यावर नाव घालून द्यायचा. छिन्नी आणि हातोडी, बस्स! त्या नावाला ना वीज लागली, ना पासवर्ड.

आता जरा विचार करा. नाव कशात होतं? पितळेत? पण तेच ठिपके डब्यावर कसेही विखुरले असते, तर पितळ तेवढंच राहिलं असतं आणि नाव मात्र नाहीसं झालं असतं. म्हणजे माहिती वस्तूत नसते, तर वस्तूच्या मांडणीत असते. कागदावरची शाई, भिंतीवरची पेन्सिल, रांगोळीतले ठिपके... सगळीकडे हेच.

वस्तूतली माहिती स्वतःहून बदलत नाही, हा तिचा मोठा गुण. ती झिजते, फुटते, वाळवी खाते, पण मध्येच स्वतःचं काही घुसडून देत नाही. आजच्या इराकमध्ये निनेव्ह नावाचं प्राचीन शहर होतं. तिथल्या असुरबानिपाल राजाच्या ग्रंथालयात मातीच्या पाट्यांवर कोरलेला मजकूर होता. इसवी सनापूर्वी ६१२ मध्ये शत्रूनं शहर जाळलं. कागदाचं ग्रंथालय असतं तर राखच झाली असती. पण मातीच्या पाट्या आगीत भाजून विटांसारख्या पक्क्या झाल्या! त्यांतल्या पाट्या आणि तुकडे मिळून सुमारे ३० हजार नग आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

अक्षरं आहेत, पण वाचणार कोण?

ट्रंकेतला कागद मात्र आमच्यापुढे मुकाच राहिला. तो मोडी लिपीत होता. आमच्या पणजोबांच्या काळात ही लिपी शाळेत शिकवत. मराठी भाषा तीच, पण अक्षरं धावती, एकमेकांना चिकटलेली. घरात आम्ही अठरा माणसं, त्यात दोन प्राध्यापक, एक इंजिनिअर. आणि एकालाही एक ओळ वाचता येईना! पोरांनी तर ठरवूनच टाकलं, की हा गुप्तधनाचा नकाशा आहे.

पुढे मोडीचे वर्ग घेणाऱ्या एका सरांनी तो पाच मिनिटांत वाचला. कुणाला तरी दोन मण जोंधळे उसने दिल्याची ती पावती होती. गुप्तधन गेलं, पण एक गोष्ट कळली. कागद शाबूत होता, शाई शाबूत होती, तरी इतकी वर्षं माहिती आमच्यापर्यंत पोचली नव्हती. कारण वाचायची किल्ली आमच्या डोक्यातून हरवली होती.

असं आमच्याच घरी झालंय असं नाही बरं का! चौदाव्या शतकात दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक यानं सम्राट अशोकाचे प्रचंड स्तंभ मोठ्या हौसेनं दिल्लीला आणवले. त्यावर काय कोरलंय हे सांगायला त्यानं विद्वानांना बोलावलं. पण ब्राह्मी लिपी तोवर सारेच विसरले होते. ती पुन्हा उलगडली थेट १८३७ मध्ये, जेम्स प्रिन्सेप या अभ्यासकाच्या प्रयत्नांनी. जुन्नरजवळ नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांच्या काळातला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. तो आज आपल्याला वाचता येतो, तो याच शोधामुळे. आणि सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरची चिन्हं? ती अजून कुणालाच खात्रीनं वाचता आलेली नाहीत. डोळ्यांसमोर आहेत, पण गप्प आहेत.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले कोट्यवधी कागद आहेत. ते वाचू शकणारी माणसं मात्र थोडी. तेव्हा सुट्टीत मोडी शिकायची कल्पना कशी वाटते? अर्धा इतिहास तुमची वाट बघत बसलाय!

डोक्यातला कारखाना

आता दुसऱ्या घरात शिरू. कानगोष्टीचा खेळ तुम्ही खेळला असाल. पहिल्यानं दुसऱ्याच्या कानात सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. ‘काकूंनी काल कैरीचं लोणचं घातलं’ असं निघालेलं वाक्य शेवटी ‘काकांनी कालव्यात लोटांगण घातलं’ होऊन बाहेर पडतं आणि हसून हसून पुरेवाट होते.

इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी असलाच प्रयोग गंभीरपणे केला. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा त्यांनी इंग्रज विद्यार्थ्यांना वाचायला दिली आणि नंतर ती आठवून लिहायला सांगितली. काय झालं असेल? कथेतल्या लांबट होड्यांच्या साध्या बोटी झाल्या. सील प्राण्यांची शिकार करायला निघालेली माणसं मासेमारीला निघाली. जे विचित्र वाटलं, ते गळून गेलं. बार्टलेट यांनी १९३२ मध्ये आपल्या पुस्तकात लिहिलं, की आपलं मन आठवण जशीच्या तशी कपाटातून काढत नाही, ते ती दर वेळी नव्यानं रचतं. आणि रचताना आपल्या ओळखीचे सांधे जोडतं. म्हणूनच दोन भाऊ एकाच भांडणाची दोन वेगळी वर्णनं करतात, आणि दोघंही खोटं बोलत नसतात!

शिवाय मन विसरतंही फार लवकर. जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक शब्दांच्या याद्या स्वतः पाठ केल्या आणि किती उरतं ते मोजलं. १८८५ मध्ये त्यांनी निकाल प्रसिद्ध केला. तासाभरातच निम्म्याहून अधिक पाठांतर पुसलं जात होतं. मात्र अधूनमधून उजळणी केली, की माहिती टिकत होती. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं!

मग आपल्या पूर्वजांनी न लिहिता इतकं सारं पिढ्यान्‌पिढ्या कसं जपलं? त्यांनी मनाला आधार दिले. पाढ्यांना चाल दिली. चालीत एखादा आकडा चुकला, तर कानाला लगेच खटकतं. वेद पाठ करणाऱ्यांनी तर कमालच केली. ओळ सरळ म्हणायचीच, शिवाय शब्दांची अदलाबदल करूनही म्हणायची. समजा, वाक्य आहे ‘आई भाकरी भाजते’. याचा जटापाठ असा : आई भाकरी, भाकरी आई, आई भाकरी, भाकरी भाजते, भाजते भाकरी, भाकरी भाजते. दर शब्द शेजाऱ्याशी उलटसुलट बांधलेला! एखादा शब्द निसटला, तर शेजारी ओरडून सांगतोच. ही जास्तीची घोकंपट्टी म्हणजे माहितीवर बसवलेला पहारेकरी. हा पहारेकरी लक्षात ठेवा हं, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

शून्य आणि एक

तिसरं घर सर्वांत नवं. अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये एक निबंध लिहिला. आवाज असो, चित्र असो की मजकूर. कुठलीही माहिती ‘हो की नाही’, ‘एक की शून्य’ अशा छोट्या निवडींत मोजता येते, असं त्यांनी दाखवलं. अशा एका निवडीला म्हणतात ‘बिट’. आठ बिट मिळून एक ‘बाइट’. आज संगणकावर आणि मोबाइलवर जी पद्धत सर्रास वापरतात, तिच्यात ‘आ’ला तीन बाइट लागतात, ‘ई’लाही तीन. म्हणजे ‘आई’ हा एवढासा शब्द ४८ शून्य-एकांची रांग होऊन मोबाइलमधून धावतो!

या घराचा गुण असा, की इथे नक्कल झिजत नाही. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलात तर अक्षरं पुसट होतात. पण संगणकातली फाइल हजारदा उतरवली, तरी हजारावी प्रत पहिलीसारखीच. हे कशामुळे? तर इथेही पहारेकरी असतात. मूळ माहितीला थोडी जास्तीची माहिती जोडलेली असते. वाटेत एखादा शून्य बिघडून एक झाला, तर हिशेब जुळत नाही आणि चूक पकडली जाते. वेदपाठकांची युक्ती आणि संगणकाची युक्ती जवळच्या नात्यातली निघाली की नाही? याचा एक नमुना तुमच्या बिस्किटाच्या पुड्यावर आहे. शेवटच्या चौकटीत तो तपासून बघा.

पण दोष? दोष दोन. पहिला असा, की नक्कल अचूक होते, तशी खोट्याचीही होते. कानगोष्टीत वाक्य इतकं विचित्र होतं, की संशय तरी येतो. मोबाइलवर पुढे ढकललेली अफवा मात्र लाखाव्या माणसाकडेही तितकीच चकचकीत पोचते. ‘इतक्या जणांनी पाठवलं, म्हणजे खरंच असणार,’ असं आपलं मन म्हणतं. पण लाख नकला म्हणजे लाख साक्षीदार नव्हेत. साक्षीदार एकच, तो पहिला. आणि तो कोण, हे बहुतेक वेळा कुणालाच ठाऊक नसतं.

दुसरा दोष ऐका. इंग्लंडच्या विल्यम राजानं १०८६ मध्ये राज्यातल्या जमिनीची, माणसांची, गुराढोरांची नोंद करून घेतली. ती ‘डूम्सडे बुक’ चामड्याच्या पानांवर लिहिली होती. नऊशे वर्षांनी, १९८६ मध्ये, बीबीसीनं तशीच नवी नोंद करायचं ठरवलं. दहा लाखांहून अधिक लोकांनी हातभार लावला. त्यात शाळकरी मुलं खूप होती. कुणी आपल्या गावाबद्दल लिहिलं, कुणी फोटो काढले. सगळं त्या वेळच्या नव्याकोऱ्या लेसर डिस्कवर साठवलं. आणि काय? पंधरा-सोळा वर्षांतच त्या डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली! २००२ च्या सुमारास तज्ज्ञांना मोठी खटपट करून ती माहिती सोडवून आणावी लागली. नऊशे वर्षांपूर्वीचं पुस्तक मात्र तेव्हाही डोळ्यांनी वाचता येत होतं, आजही येतं.

आजीच्या ओव्या

आता ट्रंकेतल्या फ्लॉपीची गोष्ट. ती माझ्या काकांची. आमची आजी जात्यावर दळताना ओव्या म्हणायची. १९९८ च्या दिवाळीत काका आठ दिवस तिच्याजवळ बसले, तिनं सांगितलेल्या ओव्या त्यांनी संगणकावर उतरवल्या आणि फ्लॉपीवर ठेवल्या. ‘आता या अमर झाल्या,’ असं ते म्हणाले होते म्हणे. कागदावर कुणीच उतरवून घेतल्या नाहीत. कशाला घ्यायच्या? संगणकात होत्या ना!

फ्लॉपी वाचणारं यंत्र मिळवायलाच आम्हांला महिना लागला. ते मिळालं, तर निम्म्या फाइली उघडल्याच नाहीत. उघडल्या, त्यांत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी! तेव्हा मराठीसाठी निरनिराळे फॉन्ट असत. एकात लिहिलेलं दुसऱ्यात उघडलं, की असा गोंधळ होई. सगळ्या लिपींसाठी एकच क्रमांक-पद्धत असावी म्हणून ‘युनिकोड’ १९९१ पासून होतं, पण ते आपल्याकडे रुळायला बरीच वर्षं गेली. काकांना फॉन्टचं नाव आठवेना. मोडीच्या कागदाला निदान सर भेटले. पंचवीस-सव्वीस वर्षांची फ्लॉपी शंभर वर्षांच्या कागदापेक्षा मुकी निघाली. काका त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

आजीला विचारलं, तर ती हसली. आता ती ८८ वर्षांची आहे. ‘न्हाई गं आठवत. गिरणी आली, दळण गेलं. त्याबरूबर गानंबी गेलं.’

हे खरंच आहे. ओव्या नुसत्या डोक्यात राहत नव्हत्या. त्या जात्याच्या घरघरीत आणि हाताच्या फेऱ्यात राहत होत्या. १९७५ मध्ये ब्रिटनमधल्या गॉडन आणि बॅडली या संशोधकांनी पाणबुड्यांवर प्रयोग केला. काही शब्द पाण्याखाली पाठ करायला दिले, काही काठावर. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच अधिक आठवतात, असं त्यांना आढळलं. नंतरच्या प्रयोगांत हा फरक दर वेळी इतका ठळक दिसला नाही. तरी एखाद्या वासानं किंवा जागेनं जुनी गोष्ट अचानक आठवते, हा अनुभव तुमचाही असेल.

माझी भाची म्हणाली, ‘मग पणजीला जात्याशीच बसवू या की!’

परसात उलटं पडलेलं जातं धुतलं, पडवीत मांडलं. आजीजवळ पाट ठेवला, मूठभर ज्वारी घातली. आजीनं खुंट्याला हात लावला. एक फेरा, दोन फेरे... जोर नव्हता, म्हणून भाचीनंही खुंटा धरला. पाचव्या-सहाव्या फेऱ्याला आजीचे ओठ हलले आणि एक ओवी आली. मग थांबून दुसरी. तिच्या आईबद्दलची, भावाबद्दलची. ‘अगं बया, ही कुठं बसली व्हती इतके दिस!’ असं म्हणून तिनंच डोळ्यांना पदर लावला. काका दारात उभे होते, ते मुकाट्यानं येऊन जवळ बसले.

त्या दिवशी अकरा ओव्या मिळाल्या. पुढच्या चार दिवसांत आणखी नऊ. फ्लॉपीवर किती होत्या, कोण जाणे! पण या वीस आम्ही मोबाइलवर आवाजासकट घेतल्या, दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवल्या आणि भाचीनं वहीत शाईच्या पेनानं लिहिल्या. शिवाय सहा ओव्या तिला चालीसकट पाठ झाल्यात. तिन्ही घरांत एकेक बिऱ्हाड थाटून दिलं म्हणा ना!

हेच काम फार मोठ्या प्रमाणावर पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी केलं. महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून, बायकांच्या तोंडून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. कागदावर लिहून, ध्वनिमुद्रण करून. ‘पारी’ या संस्थेनं २०१७ पासून त्या सर्वांसाठी इंटरनेटवर आणल्या आहेत. आई-बाबांबरोबर जरूर ऐका.

तेव्हा दोस्तांनो, या रविवारी एक काम कराल? आजी-आजोबांकडे जाऊन बसा. त्यांनाच ठाऊक असलेली एखादी गोष्ट विचारा. गावच्या विहिरीची, पुराच्या वर्षाची, नाहीतर मसाल्याच्या प्रमाणाची. ‘आठवत नाही’ म्हणाले, तर नुसतं विचारत बसू नका. ज्या वस्तूशी ती आठवण बांधलेली असेल, ती वस्तू त्यांच्या हातात द्या. आणि वही जवळ ठेवा.

करून पाहा

१. पुड्यावरचा पहारेकरी : बिस्किटाच्या पुड्यावर काळ्या रेघांखाली १३ आकडे असतात. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा... असे एक सोडून एक आकडे शेवटपर्यंत मिळवा. मधल्या उरलेल्या आकड्यांची बेरीज करून तिला ३ नं गुणा. दोन्ही मिळवा. शेवटी शून्यच येईल! उदाहरणार्थ, ८९०१२३४५६७८९० : पहिली बेरीज २८, दुसरी ३४ गुणिले ३ म्हणजे १०२, एकूण १३०. आता कुठलाही एक आकडा मुद्दाम बदलून पाहा. चोर पकडला जातो की नाही?

२. सुधारलेली कानगोष्ट : दहा जणांत एकदा साधी कानगोष्ट खेळा. दुसऱ्यांदा तेच वाक्य जटापाठासारखं उलटसुलट करून सांगा. किती फरक पडतो, ते लिहून ठेवा.

३. घरातले नंबर : घरातल्या तीन माणसांचे फोन नंबर पाठ करा. आज म्हणा, उद्या म्हणा, आठवड्यानं म्हणा. मोबाइलची बॅटरी संपलेल्या दिवशी तुम्हीच स्वतःला शाबासकी द्याल!